गणित-विज्ञान शिकवायला कोण येणार?



ही व्याख्यानमाला एका शाळामास्तरांच्या स्मरणार्थ चालते. मंत्र्यांच्या, उद्योगपतींच्या नावानं सभा भरतात. नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या नावानं सभागृह भरतं, हे नागपूरला भूषणावह आहे. पण मग एक प्रश्न विचारायलाच हवा. आज इथं बी.एस्सी., एम.एस्सी.ची जी मुलं-मुली बसली आहेत, त्यांच्यापैकी किती जणांना शाळेत गणित किंवा विज्ञान शिकवायचं आहे? हात वर करू नका. ज्यांच्या मनात असेल त्यांनाही शेजारी मित्र बसला असताना हात वर करायला संकोच वाटेल, हे मला ठाऊक आहे. तो संकोच कुठून आला आणि तो कसा घालवायचा, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शाळेत गणित-विज्ञान शिकवणं हे विज्ञानाचंच काम आहे, आणि जे विद्यापीठ विज्ञान शिकवतं त्यानंच आपली उत्तम मुलं या कामाला तयार केली पाहिजेत. हे चार मुद्द्यांत मांडतो. आपली परंपरा काय, शिकवणं म्हणजे नेमकं काय, मुलं का येत नाहीत आणि विद्यापीठानं काय करावं.

पहिला मुद्दा परंपरेचा.

एकोणिसाव्या शतकातले मोठे गणिती बापूदेव शास्त्री. जन्म १८२१चा, पुण्याचा. पण लीलावती आणि बीजगणित ते शिकले आपल्या नागपुरात, ढुंढिराज मिश्र यांच्याकडे. १८३८ साली भोपाळ संस्थानातले पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांनी या तरुणाची बुद्धी हेरली आणि त्याला सिहोरला नेलं. तिथं बापूदेव युरोपीय भूमिती शिकले. पुढं काशीच्या संस्कृत पाठशाळेत त्यांनी गणित शिकवलं, सूर्यसिद्धान्ताचं इंग्रजी भाषांतर केलं, हिंदीत बीजगणिताचं पुस्तक लिहिलं. बापूदेवांचं नाव इतिहासात राहिलं. ढुंढिराज मिश्रांचं नाव आज नागपुरात कितींना माहीत आहे? पण ते नसते तर विल्किन्सनसाहेबांना हेरायला नागपुरात कोण सापडलं असतं?

दुसरं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, कोकणातलं मुरूड. विद्यापीठाची पदवी नाही. शाळांत आणि ट्रेनिंग कॉलेजांत शिकवण्याची नोकरी. आणि ती करता करता या माणसानं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, जो १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही त्या विषयाच्या अभ्यासकाला ओलांडून जाता येत नाही. शाळेत शिकवणारा माणूस संशोधन करू शकत नाही, असं कोण म्हणतो?

तिसरं नाव तुम्हाला माहीत असेल. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूत जन्म, फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, आणि १९३०पासून १९६२पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक. आता वही-पेन असेल त्यांनी बाहेर काढा. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं, म्हणून १९२३ हीच संख्या घेऊ. तिचे अंक उतरत्या क्रमानं लिहा, ९३२१. चढत्या क्रमानं लिहा, १२३९. वजाबाकी करा. ८०८२ आलं? आता पुन्हा तेच. ८८२० वजा ०२८८, म्हणजे ८५३२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४. आता ६१७४वर हीच क्रिया करा. ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४! चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ला पोहोचता आणि तिथंच थांबता. आज जगभर याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. हा शोध कापरेकरांनी १९४९च्या सुमारास लावला. त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला देवळालीचा मास्तर कळला.

ही नावं गौरवगाथा म्हणून सांगितली नाहीत. या तिघांच्या आयुष्यात अभ्यास आणि अध्यापन वेगळं नव्हतं, एवढंच दाखवायचं होतं. ते वेगळं आपण केलं. हुशारानं संशोधक व्हायचं, इंजिनिअर व्हायचं, आणि काहीच जमलं नाही तर बी.एड. करायचं, ही उतरंड आपण रचली. ती आपणच मोडली पाहिजे.

दुसरा मुद्दा. शिकवणं म्हणजे काय?

पुस्तकातला धडा फळ्यावर उतरवणं म्हणजे शिकवणं असेल, तर त्यासाठी विज्ञानाच्या पदवीधराची गरज नाही. गाईड पुरेसं आहे. पण खरा तास कसा असतो, ते एका उदाहरणानं पाहू.

मार्च महिना. २१ तारखेच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळपास सारखी होतात. नागपूरच्या कुठल्याही शाळेच्या मैदानात एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंबा लावून ताठ उभी करा. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करा. सावली आखूड होत जाईल आणि मग पुन्हा लांबू लागेल. सर्वांत आखूड सावली मोजा. ती ३८.७ सेंटीमीटरच्या जवळपास येईल. दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती असते. सावली भागिले काठी, म्हणजे ०.३८७. ज्या कोनाचं टॅन एवढं आहे तो कोन शोधा. एकवीस अंशांच्या थोडा पुढं. हा आपल्या नागपूरचा अक्षांश! नकाशाला हात न लावता, मैदानात उभं राहून मुलांनी आपलं पृथ्वीवरचं स्थान काढलं.

इथवर कोणीही नेईल. पण आता पुढच्या रांगेतली एखादी मुलगी विचारते, “सर, सर्वांत आखूड सावली बरोबर बाराला का नाही पडली? बारा वाजून वीस मिनिटांनी का पडली?” इथं शिक्षकाची परीक्षा होते. ज्याला विषय येत नाही तो म्हणेल, घड्याळ पुढं असेल, खाली बस. ज्याला येतो तो सांगेल की आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे, आपण त्याच्या पश्चिमेला एकोणऐंशी अंशांवर आहोत, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेतीन अंशांची चौदा मिनिटं झाली. उरलेली सहा-सात मिनिटं कुठून आली? ती पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे म्हणून. त्या एका प्रश्नातून भूगोल, गती आणि केप्लर तिन्ही दारं उघडतात. पण दार उघडणाऱ्याकडे किल्ली हवी.

अजून पुढं जाऊ. त्याच दिवशी हैदराबादच्या एखाद्या शाळेला फोन करून हाच प्रयोग करायला सांगा. तिथं सावली ३१.३ सेंटीमीटरच्या आसपास येईल, म्हणजे कोन सुमारे १७.४ अंश. दोन कोनांतला फरक पावणेचार अंश. नागपूर आणि हैदराबाद यांच्यातलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४२० किलोमीटर. मग ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येतो. इरॅटोस्थेनिसनं इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी केलं ते दहावीच्या मुलांनी केलं. मोजण्यात अर्धा-एक सेंटीमीटर चूक झाली तर उत्तर काही हजार किलोमीटरनी हुकेल. हुकू द्या. मोजमापातली लहानशी चूक उत्तरात किती मोठी होते, हे त्या दिवशी कळेल ते आयुष्यभर विसरणार नाही.

आणि याच वाटेवर एक माणूस खरोखर पृथ्वी मोजत आला होता. विल्यम लॅम्ब्टन. १८०२ साली मद्रासजवळ त्यानं पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला आहे. त्याच त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा दगड आपल्या झीरो माईलला उभा आहे. आपण रोज त्याच्यासमोरून गाडीवर जातो. विदर्भातल्या किती मुलांना भूमितीच्या तासाला हिंगणघाट आठवतं? ती आठवण करून देणारा शिक्षक आपल्याला हवा आहे. विषयाची खोल जाण, परिसराची ओळख आणि मुलांच्या प्रश्नाचा आदर, हे तिन्ही एका माणसात यावं लागतं. हे काम सोपं आहे असं कोणी म्हणू नये.

तिसरा मुद्दा अडचणींचा, आणि इथं मला स्पष्ट बोललं पाहिजे. त्यागाच्या गोष्टी सांगून तरुणांना या वाटेवर बोलावणं मला मान्य नाही.

बी.एस्सी.ची तीन वर्षं, मग २०१५पासून दोन वर्षांचं झालेलं बी.एड., मग पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. ती अभियोग्यता चाचणी २०१७च्या डिसेंबरमध्ये झाली आणि त्यानंतरची २०२३च्या फेब्रुवारीत. मधली पाच वर्षं त्या मुलामुलींनी काय करायचं होतं? निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. २०२३मध्ये ते वाढवलं, तेव्हा प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झालं. त्याआधी ते याच्या निम्म्याहून कमी होतं. विनाअनुदानित शाळांत आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची स्थिती याहून बिकट. काही संस्थांत जागेसाठी पैसे मागितले जातात, हे या सभागृहात कोणाला नवीन नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं यात तास बुडतात ते वेगळंच. आणि दुसरीकडे शहराच्या चौकाचौकांत जेईई-नीटच्या शिकवणी वर्गांचे फलक. तिथं चांगल्या शिक्षकाला चांगला पगार मिळतो, पण ती फी ज्यांना परवडते त्यांच्याच मुलांना तो शिक्षक मिळतो.

मग गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या मुलीला भौतिकशास्त्र कोण शिकवणार? मेळघाटात अपूर्णांक कोण शिकवणार? शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झाला. सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक हवा, असं त्यात लिहिलं आहे. कायद्यात शिक्षक लिहिता येतो. तो घडवावा मात्र माणसांनाच लागतो.

म्हणून शासनाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. अभियोग्यता चाचणी आणि भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात करा, म्हणजे मुलाला आपल्या आयुष्याचा हिशेब मांडता येईल. आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून नियमित वेतन द्या. शिक्षकाला मानधनावर तीन वर्षं ताटकळत ठेवायचं आणि वर गुणवत्तेची अपेक्षा करायची, हे न्यायाला धरून नाही.

चौथा मुद्दा विद्यापीठाचा, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा. शासन आज काय करील हे आपल्या हातात नाही. विद्यापीठानं काय करावं हे या शहराच्या हातात आहे. नागपुरात १९०६पासून विज्ञान संस्था आहे, शंभरी ओलांडलेलं विद्यापीठ आहे. २०२३च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचं अधिवेशन याच विद्यापीठाच्या आवारात भरलं. एवढी शिदोरी असलेल्या शहरानं वाट कोणाची पाहायची?

उदाहरणं लांब शोधायला नकोत. इटारसी ज्यात आहे तो होशंगाबाद जिल्हा, आता त्याला नर्मदापुरम म्हणतात. १९७२ साली तिथल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था, आणि त्यांच्यासोबत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ. खेड्यातली मुलं गट करून स्वतः प्रयोग करायची, निरीक्षणं लिहायची, वाद घालायची. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. सुट्टीत विद्यापीठातले प्राध्यापक आणि खेड्यातले शिक्षक एका बाकावर बसून शिकायचे. तीस वर्षं, शेकडो शाळांत हे चाललं. २००२ साली मध्य प्रदेश सरकारनं ते बंद केलं. कार्यक्रम बंद झाला, पण विद्यापीठातला माणूस शाळेच्या वर्गात गेला की दोघांचंही विज्ञान सुधारतं, हे सिद्ध होऊन गेलं.

आणि आपल्याच नागपुरात अपूर्व विज्ञान मेळावा भरतो. महानगरपालिकेच्या शाळांतली मुलं साध्या साहित्यातून केलेले प्रयोग आल्यागेल्यांना समजावून देतात. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी एकदा जाऊन पाहावा. पालिकेच्या शाळेतली सातवीची मुलगी एखाद्या इंजिनिअरला हवेचा दाब समजावून सांगते, तेव्हा या मुलांना विज्ञान झेपत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतात.

परदेशातला एकच दाखला देतो. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या विज्ञान विद्याशाखेनं १९९७ साली एक कार्यक्रम सुरू केला. गणित-विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पदवीच्या सुरुवातीलाच बोलावायचं, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली प्राथमिक शाळेत प्रत्यक्ष तास घ्यायला लावायचे, आणि मग विचारायचं, आवडलं का? आवडलं तर पुढं या. पुढं अनेक विद्यापीठांनी ती पद्धत उचलली. त्यातलं मर्म साधं आहे. शिकवून पाहिल्याशिवाय शिकवणं आवडतं की नाही हे कळत नाही. आपल्याकडे मुलगा पहिल्यांदा वर्गासमोर उभा राहतो तो पदवी संपून बी.एड.ला गेल्यावर. तोवर बहुतेकांची वाट ठरून गेलेली असते.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०३०पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-शिक्षण अभ्यासक्रम ही किमान पात्रता व्हावी असं म्हटलं आहे. तो अभ्यासक्रम विज्ञान विभागांच्या पोटात वाढला तरच त्याचा उपयोग. तोवर थांबायचं कारण नाही. माझ्या तीन सूचना आहेत.

एक, प्रत्येक विज्ञान महाविद्यालयानं दुसऱ्या वर्षापासून शाळेत शिकवण्याचा अभ्यासक्रम ठेवावा. नव्या श्रेयांक रचनेत क्षेत्रीय प्रकल्पाला आणि समाजसहभागाला जागा आहेच. आठवड्याला एक तास, जवळच्या पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिथल्या शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली. आणि त्या शिक्षकाला विद्यापीठानं मानधन द्यावं, मान्यता द्यावी.

दोन, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा शाळाशिक्षकांसाठी उघड्या कराव्यात. उपकरणं कुलपात राहून शिकवत नाहीत.

तीन, शिष्यवृत्ती. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या हुशार मुलांना केंद्राच्या इन्स्पायर योजनेतून वर्षाला ८० हजार रुपये मिळतात. उत्तम योजना आहे. जो मुलगा, जी मुलगी पाच वर्षं ग्रामीण शाळेत गणित-विज्ञान शिकवायची हमी देईल, त्यांना तेवढीच शिष्यवृत्ती का मिळू नये? शासन देईल तेव्हा देईल. विदर्भातल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि उद्योजकांनी ठरवलं तर पहिल्या दहा शिष्यवृत्त्या पुढच्या जूनपर्यंत सुरू होऊ शकतात.

समारोप करतो. परंपरा सांगते की शाळाशिक्षक गणिती होऊ शकतो. मैदानातली काठी सांगते की शाळेतला एक तास विषयाची पूर्ण ताकद मागतो. अडचणी खऱ्या आहेत आणि त्या दूर करणं शासनाचं कर्तव्य आहे. आणि सुरुवात विद्यापीठ आजच करू शकतं.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. मी तुम्हाला आज आयुष्याचा निर्णय घ्यायला सांगत नाही. एवढंच मागतो की पदवी हातात पडण्यापूर्वी, या वर्षी, घराजवळच्या एखाद्या शाळेत जा, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि सातवी-आठवीच्या वर्गाला तुमच्या आवडीचा एक विषय महिनाभर शिकवा. नीट तयारी करून शिकवा. मुलांना प्रश्न विचारू द्या, आणि उत्तर येत नसेल तर दुसऱ्या दिवशी शोधून आणा. महिन्यानंतर जर वाटलं की हे आपलं काम नव्हे, तर आनंदानं तुमच्या वाटेनं जा. एका वर्गाचं भलं तर झालेलंच असेल. पण जर वाटलं की यापेक्षा मोठं काम नाही, तर कोणी काही म्हणो, ती वाट सोडू नका. या विदर्भाला तुमची गरज आहे.